अर्धशिशीच्या औषधांची लढाई घरच्या पेटंट कार्यालयातही लढा : जेनेरिक औषध उत्पादकांना सांगलीहून खुले पत्र

प्रति,
भारतातील जेनेरिक औषध कंपन्यांचे संचालक आणि त्यांच्या पेटंट विभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मी सांगलीत अठ्ठावीस वर्षे औषधांचे दुकान चालवते. आपल्या कारखान्यातून निघालेली गोळी स्टॉकिस्टकडून माझ्या रॅकवर येते आणि तिथून रुग्णाच्या हातात जाते. आपल्याशी माझा संबंध येतो तो आपल्या वैद्यकीय प्रतिनिधींपुरता, आणि हा विषय त्यांच्यापाशी काढून उपयोग नसतो, कारण तो त्यांच्या अखत्यारीतला नाही. म्हणून हे पत्र उघडपणे आपल्यालाच लिहीत आहे. अर्धशिशीवरच्या, म्हणजे मायग्रेनवरच्या, औषधांच्या पेटंटांना आपण अमेरिकेत आव्हान देता. तेच आव्हान आपण मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयातही तितक्याच तयारीने द्यावे, एवढी विनंती मला करायची आहे. ती का करते आहे हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

अर्धशिशी हा शब्द मी घरातच शिकले. आम्ही हरिपूरला राहत होतो आणि वडील सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. आईला महिन्यातून तीन-चार वेळा हा त्रास व्हायचा. सकाळी उठतानाच तिला ते कळायचे. डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू व्हायचा आणि ऊन चढेल तसा तो चढत जायचा. मग ती माजघराचे दार लोटून, कपाळाला सुंठेचा लेप लावून आणि डोक्याभोवती फडके घट्ट आवळून पडून राहायची. आम्हा भावंडांना भांड्याचाही आवाज करायची बंदी असे. शेजारच्या आजी सूर्य उगवायच्या आत जिलबी खायला सांगत, कुणी मंत्राने अर्धशिशी उतरवून देणाऱ्याचे नाव सांगे. आईने ते सगळे केले. त्या काळात डॉक्टरांपाशीही अर्गोटामीन आणि साधी वेदनाशामके यांपलीकडे देण्यासारखे फारसे नव्हते, आणि अर्गोटामीनने तिच्या उलट्या वाढत असत. दुपार टळल्यावर ती उठायची आणि सकाळपासून राहिलेल्या कामाला लागायची. हे दुखणे आहे असे घरात कुणी म्हणत नसे. तिचे डोके दुखते, एवढेच म्हणत.

स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो, आणि माझ्या काउंटरवरचा अनुभवही तोच आहे. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डात हळद निवडणाऱ्या, पॉलिशच्या धुळीत दिवसभर बसणाऱ्या बायका येतात. तीव्र वास, ऊन, जागरण आणि उपाशी पोट ही मायग्रेनचा झटका आणणारी ओळखीची कारणे आहेत, आणि या बायकांच्या वाट्याला ती चारही एकाच दिवशी येतात. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्या येतात. जत, कवठेमहांकाळहून एस.टी.ने मिरजेच्या सिव्हिलला दाखवायला आलेल्या आणि तिथून सांगलीपर्यंत आलेल्याही येतात. त्यांतल्या बहुतेकींना मागायची असते ती ओळखीची, स्वस्त वेदनाशामक गोळी. साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा दिवस किंवा त्याहून अधिक घेतली तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी कायमची होऊन बसते, हे मी त्यांना सांगते. ऐकून त्या मान डोलावतात आणि विचारतात, मग दुसरे काय घेऊ? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत दोनदा दिले आहे. पहिले उत्तर आमच्यापर्यंत स्वस्तात पोहोचले. दुसरे पोहोचेल की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्यावर अवलंबून आहे.

पहिले उत्तर म्हणजे ट्रिप्टान गटाची औषधे. ब्रिटनच्या ग्लॅक्सो कंपनीने शोधलेले सुमाट्रिप्टान १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जगाच्या बाजारात आले. अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनला १९९२ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. मेंदूच्या आवरणातील प्रसरण पावलेल्या रक्तवाहिन्यांवर आणि तिथल्या मज्जातंतूंवर नेमके काम करणारे हे पहिले औषध होते. पाठोपाठ झोल्मिट्रिप्टान, रिझाट्रिप्टान आणि बाकीची भावंडे आली. अमेरिकेतल्या रुग्णाला ती पेटंटधारकाच्या किमतीने घ्यावी लागत होती, त्या काळात भारतातल्या कंपन्यांना ती बनवण्यात कायद्याची आडकाठी नव्हती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर उभा असलेला १९७० चा आपला पेटंट कायदा औषधाच्या रेणूवर पेटंट देतच नव्हता. तो बनवण्याच्या प्रक्रियेवर देत होता, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षांसाठी. सुमाट्रिप्टान वेगळ्या वाटेने बनवता आले की झाले. आपल्यापैकी अनेकांची उभारणी त्याच कायद्याच्या आधाराने झाली आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. माझ्या दुकानात ट्रिप्टानची पट्टी पहिल्यापासून भारतीय कंपनीचीच आली आणि ती पेटंटाच्या किमतीने कधीच विकावी लागली नाही.

दुसरे उत्तर म्हणजे सीजीआरपी या रेणूला अडवणारी औषधे. झटक्याच्या वेळी चेहऱ्याच्या व डोक्याच्या मज्जातंतूंमधून हे लहानसे प्रथिन सुटते आणि वेदना चेतवते, हा शोध लावणाऱ्या चार शास्त्रज्ञांना, म्हणजे एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन यांना, मेंदूसंशोधनासाठीचा २०२१ चा ब्रेन प्राइझ मिळाला. त्या संशोधनातून एकीकडे महिन्याला टोचायची प्रतिपिंडे निघाली. त्यांतले पहिले, एरेनुमॅब, अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. दुसरीकडे गेपंट गटाच्या गोळ्या निघाल्या : २०१९ च्या डिसेंबरात युब्रोजेपंट, २०२० च्या फेब्रुवारीत रिमेजेपंट आणि २०२१ मध्ये झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायचे अटोजेपंट. प्रतिपिंडांचा मामला वेगळा आणि किचकट आहे, त्यांची नक्कल उभी करणे हे गोळी बनवण्यासारखे नसते, म्हणून ती या पत्रात बाजूला ठेवते. गोळ्यांबद्दल मात्र मला बोलायचे आहे.

गेपंट ही चैनीची औषधे नाहीत. ट्रिप्टान रक्तवाहिन्या आकुंचित करतात, त्यामुळे ज्यांना हृदयविकार होऊन गेला आहे, पक्षाघात होऊन गेला आहे किंवा ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांना ती देता येत नाहीत. गेपंट रक्तवाहिन्या आकुंचित करत नाहीत. ट्रिप्टानही महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस घेतले की औषधजन्य डोकेदुखी जडते. गेपंटांच्या बाबतीत आजवर तसा धोका दिसलेला नाही. माझ्या एका नेहमीच्या रुग्ण बाईंची गेल्या काही वर्षांतली गोष्ट सांगते. त्या अंगणवाडीत काम करतात. चाळिशीपासून त्यांना ट्रिप्टान लागू पडत होते आणि महिन्याला दोन-तीन गोळ्यांवर त्यांचे भागत होते. पन्नाशीला हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी ती गोळी तत्काळ बंद केली, जे अगदी योग्य होते. पण अर्धशिशी बंद झाली नाही. आता त्या झटका आला की पॅरासिटामॉल घेतात, ओकारी थांबवणारी गोळी घेतात आणि पडून राहतात, जशी माझी आई पडून राहत होती. त्यांच्यासाठी वैद्यकशास्त्र पुढे गेले आहे, पण त्यांच्या खिशाच्या आवाक्यात अजून आलेले नाही. गेपंट कुणाला द्यावे हे डॉक्टरांनी ठरवावे. ते देण्याजोगे असताना किमतीमुळे चिठ्ठीवर लिहिलेच जाऊ नये, ही अवस्था मला असह्य वाटते.

आणि इथेच कायदा बदलला आहे. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटनेचा करार लागू झाला आणि दहा वर्षांच्या सवलतीनंतर १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधाच्या रेणूवरही वीस वर्षांचे पेटंट मिळू लागले. ट्रिप्टान १९९५ च्या आधी शोधलेली असल्यामुळे त्या जाळ्यातून निसटली. गेपंट निसटू शकत नाहीत. भारतात रेणूवरच पेटंट मागता येईल अशा अर्धशिशीच्या गोळ्यांत हा गट मोडतो. ट्रिप्टान आम्हाला कायद्यानेच देऊन टाकली होती. गेपंट वेळेवर हवी असतील तर ती कुणीतरी कायद्याच्या आधाराने लढून मिळवावी लागतील.

लढायचे कसे, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक नाही. अमेरिकेच्या १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्याने जेनेरिक कंपनीला असे म्हणण्याची मुभा दिली की मूळ औषधावर नोंदवलेले पेटंट अवैध आहे किंवा आमच्या गोळीने त्याचा भंग होत नाही. असा अर्ज गेला की पेटंटधारकाने पंचेचाळीस दिवसांत दावा लावायचा. तो लावला की जेनेरिकची मंजुरी साधारण तीस महिने अडकून पडते. आणि पहिल्या आव्हानकर्त्याला बक्षीस म्हणून १८० दिवस दुसऱ्या जेनेरिक स्पर्धकाशिवाय बाजार मिळतो. या १८० दिवसांसाठी आपण डेलावेअर आणि न्यू जर्सीच्या न्यायालयांत किती वर्षे आणि किती पैसा घालता, हे औषध व्यवसायात सर्वांना माहीत आहे. अर्धशिशीची औषधे या लढायांत सुरुवातीपासून आहेत. सुमाट्रिप्टानच्या पेटंटाला डॉ. रेड्डीज कंपनीने आव्हान दिले, २००६ मध्ये मूळ कंपनीशी तडजोड झाली आणि २००८ च्या अखेरीस त्यांची गोळी अमेरिकेत विक्रीला आली. सुमाट्रिप्टान ८५ मिलिग्रॅम आणि नॅप्रोक्सेन सोडियम ५०० मिलिग्रॅम एकत्र असलेल्या गोळीच्या पेटंटांनाही आव्हान दिले गेले. तिथे जेनेरिक कंपन्या २०११ मध्ये टेक्सासच्या न्यायालयात आणि २०१२ मध्ये अपिलातही हरल्या. आता युब्रोजेपंट आणि रिमेजेपंट यांच्या पेटंटांवरही तसे अर्ज गेले आहेत, दावे लागले आहेत, आणि आव्हान देणाऱ्यांमध्ये भारतीय कंपन्या आहेत.

मला या लढायांचा आदर वाटतो. हरलेल्या लढाईचाही वाटतो, कारण कमकुवत पेटंट आणि भक्कम पेटंट यांतला फरक आव्हान दिल्याशिवाय कळत नाही. मला खुपते ते पुढचे आहे. अमेरिकेत अर्ज करायचा तर ती गोळी आधी बनवून दाखवावी लागते. म्हणजे युब्रोजेपंटचा किंवा रिमेजेपंटचा रेणू कसा बांधायचा, त्याचा कोणता क्षार (आम्लाशी जोडून केलेले रूप) टिकतो, कोणते स्फटिकरूप विरघळते, मूळ कंपनीच्या पेटंटातल्या कोणत्या दाव्यात नवे काही आहे आणि कोणता दावा जुन्याच माहितीची पुनरुक्ती आहे, हे सगळे ज्ञान आज हैदराबादच्या, अहमदाबादच्या, मुंबईच्या प्रयोगशाळांतील वह्यांत लिहिलेले आहे. ते इंग्रजीत टाईप होऊन अमेरिकेच्या न्यायाधीशांपुढे जाते. आपल्याच देशाच्या पेटंट नियंत्रकापुढे ते ठेवायला जो खर्च येईल, तो त्या खटल्यांच्या मानाने नगण्य आहे. मग ते प्रत्येक वेळी ठेवले जाते का? भारतात पहिल्या आव्हानकर्त्याला १८० दिवसांचे बक्षीस नाही, हे मी जाणते. एका कंपनीने हरकत घेऊन पेटंट थोपवले तर त्याचा फायदा दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनाच मिळतो, म्हणून खर्च कुणी करायचा हा प्रश्न आपल्या बैठकांत येत असणार, हेही समजते. तरीही ही विनंती मी मागे घेत नाही, आणि त्याचे कारण सांगलीकराला हळदीतून सांगता येते.

१९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिले. त्या वेळी मी औषधनिर्माणशास्त्र शिकत होते आणि वडील अजून पेढीवर जात होते. ही बातमी ऐकून वडिलांना राग आला नाही. त्यांना ती कळेचना. आमच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवली जात असे, प्रत्येक घरात कापलेल्या बोटावर ती दाबली जात असे, आणि तिच्यावर कुणाचा हक्क कसा लागेल हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्या पेटंटाला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून सादर केले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्या पेटंटाने आमच्या बाजारातले एक पोतेही अडले नव्हते. सीएसआयआरला त्यातून एक रुपया मिळायचा नव्हता आणि कुठले १८० दिवसही मिळायचे नव्हते. जे नवे नाही त्यावर मक्तेदारी देऊ नये, या एका तत्त्वासाठी देशाने तो खर्च केला, आणि यार्डातल्या हमालापासून अडत्यापर्यंत सर्वांना तो योग्य वाटला. आपल्या कंपन्या हा व्यवसाय आहे, ती सरकारी प्रयोगशाळा नाही, हे मान्य आहे. पण आव्हान फायद्याच्याच हिशेबाने द्यावे लागते असे नाही, हे या देशाने हळदीच्या बाबतीत करून दाखवले आहे.

आपल्या हातात कायद्याचे हत्यारही अमेरिकेपेक्षा धारदार आहे. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(डी) म्हणते की माहीत असलेल्या पदार्थाचा नवा क्षार, नवे स्फटिकरूप किंवा तत्सम नवे रूप, त्याने परिणामकारकता वाढत नसेल तर, शोध मानले जाणार नाही. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी नोवार्टिसच्या ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाच्या प्रकरणात निकाल देताना स्पष्ट केले की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचाराची परिणामकारकता. गोळी अधिक टिकाऊ झाली, हाताळायला सोपी झाली, एवढ्याने भागत नाही. त्या प्रकरणात मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनबरोबर नॅटको, सिप्ला, रॅनबॅक्सी आणि हेटेरो या कंपन्यांनीही हरकती घेतल्या होत्या. म्हणजे आपण हे काम करू शकता आणि केलेले आहे. दोन ओळखीची औषधे एका गोळीत घातली म्हणून ते मिश्रण शोध ठरत नाही, असेही आपल्या कलम ३(ई) मध्ये आहे. टेक्सासात जी लढाई हरली गेली, ती या कलमापुढे कदाचित वेगळी झाली असती.

गेपंटांच्या बाबतीत हे कलम नेमके कुठे लागू पडेल, हे मी आपल्याला शिकवू शकत नाही. परंतु रिमेजेपंट बाजारात जाते ते सल्फेट क्षाराच्या रूपात आणि जिभेवर विरघळणाऱ्या गोळीत, एवढे मला कळते. मूळ रेणूच्या शोधकाला त्याची वीस वर्षे मिळावीत. ज्या संशोधनाने माझ्या रुग्ण बाईंची आशा जागी केली त्या संशोधनाचा मोबदला बुडवा असे मी म्हणणार नाही. मी बोलते आहे ते त्या वीस वर्षांनंतर, क्षारावर, स्फटिकावर, गोळीच्या बांधणीवर आणि सेवनाच्या पद्धतीवर एकामागून एक मागितल्या जाणाऱ्या मुदतवाढीबद्दल. ज्या औषधाचे पेटंट २०३० च्या आसपास संपायला हवे ते अशा थरांमुळे आणखी पाच-सात वर्षे अडकले, तर आज पन्नाशीत असलेल्या बाईंच्या उपयोगाचे ते राहत नाही.

क्षयरोगाच्या औषधाबाबत काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. बेडाक्विलीनच्या फ्युमरेट क्षारावरचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने फेटाळला. त्यावर २०१९ मध्ये हरकत घेणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोन तरुणी होत्या. दोघींनाही क्षयरोग होऊन गेला होता आणि जुन्या औषधांच्या दुष्परिणामाने दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. हरकत घेण्याचा अधिकार त्यांना कलम २५(१) ने दिला, कारण मंजुरीपूर्वी ‘कोणतीही व्यक्ती’ हरकत घेऊ शकते असे ते कलम म्हणते. त्या दोघींचे धैर्य मोठे आहे. पण क्षारांच्या रसायनशास्त्रावरची लढाई आजारातून उठलेल्या माणसांना अंगावर घ्यावी लागली, हे मला बरोबर वाटत नाही. ते शास्त्र ज्यांच्या रोजच्या कामाचे आहे त्यांनी पुढे यायला हवे.

आता तर एकट्या रुग्णासाठी ही वाट अधिक अवघड झाली आहे. मार्च २०२४ मध्ये बदललेल्या पेटंट नियमांनुसार मंजुरीपूर्व हरकतीला शुल्क लागू झाले, आणि हरकत ऐकून घेण्याजोगी आहे की नाही हे नियंत्रक आधी ठरवणार. पेटंटाचा भारतात प्रत्यक्ष वापर किती झाला याचे निवेदन पूर्वी दरवर्षी द्यावे लागे, ते आता तीन वर्षांतून एकदा द्यावे लागते. ते निवेदन म्हणजे कागदी सोपस्कार नव्हे. मार्च २०१२ मध्ये नॅटकोला सोराफेनिब या कर्करोगावरील औषधाचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते बनवण्याची परवानगी, मिळाला आणि महिन्याचा खर्च सुमारे दोन लाख ऐंशी हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला, तेव्हा पेटंटधारकाने ते औषध किती रुग्णांपर्यंत पोहोचवले हाच त्या आदेशातला कळीचा प्रश्न होता.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की गेपंटांशी संबंधित जे अर्ज भारतात प्रसिद्ध झाले आहेत किंवा होतील, त्यांतल्या दुय्यम दाव्यांवर आपण मंजुरीपूर्वीच हरकत घ्यावी, आणि खर्चाचा प्रश्न आपल्या संघटनेतून वाटून सोडवावा. मंजुरी मिळून गेली असेल तर प्रसिद्धीपासून एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्ती म्हणून आपल्याला पुन्हा संधी असते. कलम १०७ए प्रमाणे पेटंट चालू असतानाही मंजुरीसाठी लागणारे नमुने आपण बनवू शकता, तेव्हा मुदत संपण्याच्या दिवशी गोळी तयार नव्हती, असे कारण आमच्यापुढे येऊ नये.

दुसरी गोष्ट तडजोडींची. पेटंटधारक आणि आव्हानकर्ता यांच्यात न्यायालयाबाहेर होणाऱ्या करारात कधी कधी जेनेरिक उशिरा आणण्याची किंमत दडलेली असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲक्टाव्हिस प्रकरणात असे करार स्पर्धा कायद्याच्या कसोटीवर तपासता येतील असे म्हटले, आणि तिथे २००३ च्या कायद्यानुसार औषध कंपन्यांना असे करार सरकारकडे दाखल करावे लागतात. भारतातल्या गोळीविषयी आपण कुणाशी तडजोड केली, तर गोळी कोणत्या तारखेला बाजारात येणार एवढे तरी आपण जाहीर करावे. व्यापारी गुपिते मला नकोत. बाईंना किती दिवस थांबायला सांगायचे, ते मला हवे आहे.

आणि एक कटू गोष्ट, जी आपल्या तोंडावर सांगण्याचा अधिकार काउंटरमागे उभ्या राहणाऱ्याला आहे. पेटंट पडल्याने किंवा संपल्याने किंमत आपोआप उतरत नाही. माझ्या रॅकवर अर्धशिशीच्या एकाच औषधाच्या, एकाच मात्रेच्या, निरनिराळ्या नावांच्या पट्ट्या आहेत, आणि त्यांच्या छापील किमतींत दुपटीहून अधिक अंतर आहे. काही पट्ट्या मला छापील किमतीच्या कितीतरी खालच्या दराने मिळतात, वर दहावर एक मोफतची स्कीम असते, आणि छापील किंमत मात्र महागड्या नावाच्या जवळपास ठेवलेली असते. मधला पैसा दुकानदाराने ठेवावा म्हणून तो ठेवलेला असतो. माझ्यासारखे अनेक दुकानदार त्यातला मोठा भाग गिऱ्हाइकाला सोडतात, पण रुग्णाचे नशीब दुकानदाराच्या मनावर सोपवणे बरोबर नाही. ज्या गोळीसाठी आपण अमेरिकेत पेटंट पाडता आणि तिथल्या रुग्णाला स्वस्ताई देता, त्याच गोळीच्या इथल्या पट्टीवर, ती येईल तेव्हा, खरी किंमत छापावी. ही विनंती इतर दोहोंपेक्षा सोपी आहे. तिला न्यायालय लागत नाही.

माझ्याकडून मी काय करणार आहे, ते सांगून हे पत्र संपवते. पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी प्रसिद्ध होते आणि ते कुणालाही विनामूल्य पाहता येते. सांगली-मिरजेतल्या तीन औषधविक्रेत्या आणि मिरजेच्या एक निवृत्त रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका अशा आम्ही चौघी गेल्या दिवाळीपासून ते आळीपाळीने चाळतो आणि अर्धशिशीच्या औषधांशी संबंधित अर्ज वहीत उतरवतो. प्रसिद्धीनंतर किमान सहा महिने पेटंट मंजूर होऊ शकत नाही, तेवढा वेळ आमच्या हाती असतो. अशा एखाद्या अर्जावर हरकत घ्यायची वेळ आली आणि आपल्यापैकी कुणी पुढे आले नाही, तर ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणून मी माझ्या नावाने ती घेईन आणि शुल्कही भरीन. फक्त एका गोष्टीत मी अपुरी पडेन. नवा क्षार जुन्या रूपापेक्षा रुग्णाला अधिक गुण देत नाही, हे दाखवणारे प्रयोगशाळेतले आकडे माझ्यापाशी नाहीत. ते आपल्यापाशी आहेत, आणि अमेरिकेतल्या न्यायालयांसाठी त्यांतले बरेचसे टाईप होऊन तयारही आहेत. त्यांतले जे उघड करता येतील ते कागद मला पाठवावेत. टपालखर्च मी देईन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक नोंदणीकृत औषधविक्रेती,
सांगली